कोपळच्या बदल्यात रत्नागिरी

वारणेच्या तहाचे नाव शाळेतल्या इतिहासात एका ओळीत येऊन जाते. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी या चुलत भावांमध्ये १३ एप्रिल १७३१ रोजी हा तह झाला. वारणा आणि कृष्णा यांच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरने राखावा, उत्तरेचा साताऱ्याने, असे ठरले. कोकणचीही वाटणी झाली आणि साळशीपासून खालची किनारपट्टी कोल्हापूरच्या वाट्याला आली. त्याच तहात एक लहानसे कलम आहे. कोपळचा किल्ला संभाजी महाराजांना द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात रत्नागिरी शाहू महाराजांनी घ्यावी. कोपळ आज कर्नाटकात, तुंगभद्रेच्या मुलखात आहे. रत्नागिरीचा किल्ला मात्र भाट्याच्या पुळणीवर सुरूच्या बनापाशी उभे राहिले की उत्तरेला, खाडीच्या मुखापलीकडे, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर सहज दिसतो. भगवतीचे देऊळ असलेला बालेकिल्ला आणि दीपगृहाची टेकडी पाहायला येणाऱ्यांना या कलमाची माहिती क्वचितच असते. चोवीस वर्षे चाललेल्या एका यादवीचा हिशेब मिटवताना हा किल्ला नाण्यासारखा एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता.

हा लेखसंग्रह त्या चोवीस वर्षांचा आहे आणि तो मुद्दाम किनाऱ्याकडून लिहिला आहे.

यातला मूळ प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे उत्तर सोपे नाही. शाहूंचे वडील संभाजी महाराज यांना १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला पकडले गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. राजधानी नाही, खजिना नाही, नवे राजे राजाराम दूर जिंजीला, अशा स्थितीत मराठे औरंगजेबाशी आणखी अठरा वर्षे झुंजले आणि त्यांनी त्याला दख्खनच्या मातीतच संपवले. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ बादशहा मेला. त्यानंतर आठ महिनेही उलटले नव्हते, तोच १२ ऑक्टोबरला भीमेकाठी खेडजवळ मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. जे एका ताटात जेवले, एका घोड्यावर बसून नद्या उतरले, तेच एकमेकांवर का उलटले?

आपल्याकडे याचे एक ठरीव उत्तर आहे: दुहीचा शाप. दुसरे उत्तर त्याहून सोपे, आणि त्यात सगळा दोष राजारामांच्या विधवा राणी ताराबाई यांच्या महत्त्वाकांक्षेवर टाकला जातो. या संग्रहातल्या लेखकांना ही दोन्ही उत्तरे पुरत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की यादवीचे बी मराठ्यांच्या स्वभावात शोधू नये. स्वराज्य वाचवण्यासाठी १६८९ नंतर जे मार्ग पत्करावे लागले, त्यांतच ते होते. ज्या व्यवस्थेने स्वराज्य तगवले, तिनेच जिंकल्यावर ते दुभंगवले. हे पटले तर ताराबाई, शाहू, धनाजी जाधव, कान्होजी आंग्रे या सगळ्यांकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

स्वराज्याच्या स्थापनेला क्रांती म्हणावे का, यावर वाद आहे. राजा बदलणे ही क्रांती नव्हे, हे खरे. पण न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात जो आग्रह धरला, तो अजूनही विचारात घ्यावा लागतो. मराठ्यांचा उदय हा एका सरदाराचा पुंडावा नसून सबंध समाजाची हालचाल होती, असे त्यांनी मांडले. त्याला जमिनीवरचा पुरावाही आहे. शिवाजी महाराजांनी फौजेला शक्यतो रोख पगार दिला, जहागिरी वाटण्याचे टाळले, देशमुख-देशपांड्यांचे वाडेहुडे पाडले आणि अण्णाजी दत्तोंकरवी कोकणात जमिनीची पाहणी करवून सारा ठरवला. गावच्या रयतेचा आणि राजाचा सरळ संबंध यावा, मधल्या वतनदाराचे बळ कमी व्हावे, अशी ती दिशा होती. सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये याहून मोठी उलथापालथ शोधायला फार लांब जावे लागेल.

१६८९ नंतर ही दिशाच उलटली. पगार द्यायला खजिना उरला नव्हता. औरंगजेब मनसबी आणि वतने देऊन मराठे सरदार ओढत होता. त्याला उत्तर म्हणून राजाराम महाराजांच्या सरकारनेही वतने, इनामे, सरंजाम वाटायला सुरुवात केली. जो मोगलांचा जितका मुलूख मारील, तितका त्याच्या सरंजामात. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांचे पराक्रम या व्यवस्थेतून झाले, आणि त्या दोघांचे हाडवैरही याच व्यवस्थेत वाढले. संताजींचा १६९७ मध्ये नागोजी माने यांच्या हातून खून झाला. मान्यांच्या मेव्हण्याला संताजींनी मारले होते, त्याचा तो सूड. अशा वेळी छत्रपतींकडे कोणाला आवरण्याइतके बळच नव्हते.

बखरींत येणारा एक प्रसंग रत्नागिरीकरांनी तर लक्षात ठेवायलाच हवा. जिंजीला वेढा पडला होता आणि राजाराम महाराजांना बाहेर काढायचे होते. मोगलांच्या छावणीत गणोजी शिर्के होते. ते संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंचे भाऊ, आणि वतनाच्या भांडणातूनच ते शत्रूला मिळाले होते. वाट करून देण्यासाठी त्यांनी दाभोळचे वतन मागितले. ते वतन खंडो बल्लाळ चिटणिसांचे होते. खंडो बल्लाळांच्या वडिलांना संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत हत्तीच्या पायी दिले गेले होते. तरीही त्यांनी आपले वतन शिर्क्यांना लिहून दिले आणि राजा सुटला. स्वामिनिष्ठेची कथा म्हणून हे आपण मुलांना सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्याच कथेत राज्याचा भाव वतनात ठरू लागल्याचेही दिसते. दाभोळच्या एका वतनावर छत्रपतींचा जीव तोलला गेला. अशी शेकडो देणी पुढच्या काळावर चढली होती, आणि जिंकल्यानंतर ती फेडायची कोणी, हा प्रश्न १७०७ मध्ये उभा राहिला.

क्रांतीनंतरच्या यादवीचा विचार जगात फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४२७ मध्ये ग्रीसमधल्या कोर्सायरा बेटावर जी कत्तल झाली, तिचे वर्णन करताना थ्युसिडिडीजने घरातल्या भांडणात बाहेरच्या दोन महासत्ता हात घालतात तेव्हा काय होते, ते दाखवले. ॲरिस्टॉटलने त्याहून खोल कारण सांगितले. एका बाबतीत बरोबरीचे असलेल्यांना सर्वच बाबतीत बरोबरी हवीशी वाटते, आणि श्रेष्ठ असलेल्यांना सगळाच वाटा आपला वाटतो. अठरा वर्षे सारखीच हालअपेष्टा सोसलेल्या सरदारांना हे तंतोतंत लागू पडते. टॉकव्हिलने १८५६ मध्ये फ्रेंच क्रांतीबद्दल लिहिताना मोडलेल्या राज्याची चौकट नव्या राज्यात कशी टिकून राहते, ते उलगडले. क्रेन ब्रिंटनने १९३८ मध्ये इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स आणि रशिया यांच्या क्रांत्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि जुने राज्य पडल्यावर विजेत्यांचीच आघाडी कशी फुटत जाते ते दाखवले.

पुढच्या अभ्यासकांत तट पडले. टेड गर यांनी १९७० मध्ये माणसांच्या मनातल्या डावलले जाण्याच्या भावनेवर भर दिला. थीडा स्कॉचपोल यांनी १९७९ मध्ये तो साफ बाजूला ठेवून राज्ययंत्रणा कोसळण्याकडे बोट दाखवले. चार्ल्स टिली यांनी ट्रॉट्स्कीच्या दुहेरी सत्तेच्या कल्पनेचा विस्तार केला. एकाच मुलखावर दोन सरकारे हक्क सांगतात आणि दोघांच्याही मागे लोक उभे राहतात, तेव्हा क्रांतीची स्थिती निर्माण होते आणि यादवी तिथून दूर नसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल कोलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुटीच्या संधीला महत्त्व दिले. फिअरन आणि लेटिन यांनी २००३ मध्ये दुबळे सरकार आणि डोंगराळ मुलूख ही जोडी पुढे आणली. स्टॅथिस कॅलिव्हास यांचे २००६ चे पुस्तक मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचे वाटेल. यादवीत मोठ्या तत्त्वाच्या नावाखाली गावागावांतली जुनी भांडणे कशी लढली जातात, ते त्यांनी दाखवले. ज्याच्या घरात भाऊबंदकीचा एखादा जुना दावा आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या सगळ्या मतांची यादी पाठ करून १७०७ ची कुलपे उघडत नाहीत. संग्रहातल्या लेखांनी त्यांचा वापर किल्ल्यांच्या जुडग्यासारखा न करता प्रश्न विचारण्यापुरता केला आहे, ते बरे झाले. पण त्यांतली आयर्लंडची तुलना फार बोलकी आहे. ६ डिसेंबर १९२१ रोजी ब्रिटनशी तह झाला. त्यात देश मोकळा झाला, पण राजनिष्ठेची शपथ कायम राहिली. डब्लिनच्या सभागृहाने ७ जानेवारी १९२२ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी तो मान्य केला आणि जूनमध्ये कालचे सोबती एकमेकांवर तोफा डागू लागले. तहावर सही करणारे मायकेल कॉलिन्स त्याच ऑगस्टात आपल्याच कॉर्क परगण्यात मारले गेले. अर्धे स्वातंत्र्य आज घ्यावे की पुऱ्यासाठी लढत राहावे, हा तिथला प्रश्न होता.

१७०७ मध्ये हाच प्रश्न राजाच्या रूपाने आला. शाहू सातव्या वर्षी कैद झाले आणि मे १७०७ मध्ये, वयाच्या पंचविशीत, आझमशहाच्या छावणीतून भोपाळजवळ दोराहा येथून सुटले. सल्ला मोगल सरदार झुल्फिकारखानाचा होता. मराठ्यांना एक राजा पाठवला की त्यांच्यात दोन होतील, हे त्याला कळत होते. येसूबाई मागे ओलीस राहिल्या आणि त्या १७१९ पर्यंत सुटल्या नाहीत. शाहूंना स्वराज्य मिळायचे होते, पण बादशहाचे मांडलिक म्हणून. दक्षिणेत येताना त्यांनी खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीला भेट दिली. ताराबाईंच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. पतीच्या मृत्यूनंतर सात वर्षे ज्या बादशहाशी त्या लढल्या, त्याच्या कबरीवरून आणि त्याच्या मुलाच्या मेहेरबानीने एक तरुण येतो आणि गादी मागतो. थोरल्या महाराजांचे राज्य संभाजींच्या काळात बुडाले, ते माझ्या पतीने नव्याने मिळवले, तेव्हा त्यावर शाहूंचा हक्क उरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यात मुलासाठीचा स्वार्थ आहे, पण राज्य जन्माने मिळते की ते राखणाऱ्याचे असते, हा राजनीतीचा खरा प्रश्नही आहे. मराठी इतिहासलेखनाने त्या प्रश्नाला फार काळ ताराबाईंचा हट्ट म्हणून निकालात काढले, हा अन्याय होता.

अर्थात, ताराबाईंचा पक्षही मोगलांपासून अलिप्त नव्हता. १७०९ मध्ये नवा बादशहा बहादूरशहा याच्या दरबारात दख्खनच्या सरदेशमुखीची सनद मागायला दोन्ही बाजूंचे वकील हजर होते. एकाची बाजू झुल्फिकारखान घेत होता, दुसऱ्याची मुनीमखान. दोघांनी आपसात लढून निकाल लावावा आणि जो जिंकेल त्याने सनद न्यावी, असे बादशहाने सांगितले. यादवीला तिसऱ्याचे तेल कसे मिळते, याचे इतके उघड उदाहरण मिळणे कठीण.

खेडच्या लढाईआधी ताराबाईंनी सरदारांना दूधभातावर शपथा घ्यायला लावल्या, असे सांगतात. आलेला माणूस तोतया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो खरा शाहूच असल्याची खात्री खंडो बल्लाळांनी करून घेतली आणि धनाजी जाधव ऐन लढाईत बाजूला झाले. ताराबाईंच्या बाजूने लढणारे परशुराम त्रिंबक एकटे पडले. शंकराजी नारायण सचिवांनी ताराबाईंना शब्द दिला होता आणि शाहू तर धन्याचा मुलगा. त्या पेचातून सुटण्यासाठी त्यांनी प्राण दिला. शाहूंनी सातारा घेतला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी ते छत्रपती झाले. पुढे त्यांची फौज पन्हाळा घेऊन रांगण्यापर्यंत आली तेव्हा ताराबाईंना आधार कोकणाने दिला.

इथून पुढची कथा घाटाखालून पाहावी लागते. सातारा आणि पन्हाळा यांच्यातला सामना किती वर्षे अनिर्णित राहिला असता, सांगता येत नाही. शाहूंचे बळ १७११ पर्यंत ओसरत चालले होते. धनाजींचे पुत्र सेनापती चंद्रसेन हरणाच्या शिकारीवरून शाहूंच्याच पक्षातल्या बाळाजी विश्वनाथांशी भांडले आणि ताराबाईंकडे, मग निजामाकडे गेले. पारडे झुकवण्याइतके बळ असलेला माणूस आता समुद्रावर होता. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूने होते. त्यांनी १७१३ मध्ये घाट चढून लोहगड घेतला आणि आपल्यावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले.

कान्होजी असे वागू शकले, कारण त्यांचे राज्य वेगळ्याच अर्थकारणावर उभे होते. घाटावरचा सरदार सरंजामाच्या उत्पन्नावर जगे, आणि सरंजामाला छत्रपतींची सनद लागे. कान्होजींचे आरमार दस्तकांवर, बंदरांच्या जकातीवर आणि पकडलेल्या जहाजांवर चाले. गलबते, गुराबा, त्यांवरचे गोलंदाज आणि तांडेल, ही सगळी माणसे वर्षानुवर्षे बांधून ठेवावी लागत. मुंबईचे इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांशी एकाच वेळी झगडताना सातारा काय आणि पन्हाळा काय, दोघांचीही मदत त्यांना फारशी नव्हती. अशा माणसाने आपली निष्ठा पारखून द्यावी, यात नवल नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे, म्हणजे ऐन यादवीतले. आरमाराच्या खर्चाला स्वतंत्र मुलूख नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर तो लावू नये, नाहीतर व्यापाऱ्यांना उपद्रव होतो, असा त्यातला आशय आहे. वतनदारांपासून राज्याला असलेल्या धोक्याबद्दलही त्यात सावध केले आहे. राज्यशास्त्राचा उत्तम ग्रंथ म्हणून आपण ते वाचतो. पण ते लिहिणाऱ्याने जिंजीच्या काळात वतने वाटणारा कारभार स्वतः चालवला होता आणि आता त्याचेच फळ तो समोर पाहत होता, हे ध्यानात ठेवून वाचले तर त्याला वेगळीच धार येते.

बाळाजी विश्वनाथ नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवे झाले आणि लगेच कान्होजींकडे गेले. दोघे कोकणचे. बाळाजी श्रीवर्धनचे, सिद्दीच्या जाचाने देशोधडीला लागलेले, एकेकाळी चिपळूणकडे मिठागरावर कारकुनी केलेले. ब्रह्मेंद्रस्वामींवर दोघांचीही श्रद्धा होती आणि सिद्दी दोघांचाही वैरी. १७१४ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याजवळ त्यांची बोलणी झाली. कान्होजींना सरखेली मिळाली; सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड अशी ठाणी त्यांच्याकडे राहिली आणि ते शाहूंचे झाले. त्याच वर्षी पन्हाळ्यावर सत्तापालट होऊन ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले आणि ताराबाईंच्या सवत राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले. एका बोलणीने किनारा फिरला. पण तो किनाऱ्याच्याच अटींवर फिरला. आंग्र्यांची सत्ता मान्य करूनच शाहूंना आंग्रे मिळाले. हाच नमुना पुढे सर्वत्र वापरला गेला: सरदाराला मोडायचे नाही, त्याला सनद देऊन आपला म्हणायचे.

इतिहासकारांचे पंथ इथे वेगळे होतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या चिटणीस बखरीसारख्या लेखनाला गादीचा खरा वारस कोण, यातच रस होता. ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये या कागदांवरून कालक्रम बसवला, पण हेतू शोधताना ते कारस्थान आणि लोभ यांच्या पलीकडे फारसे गेले नाहीत. राजवाडे १८९८ पासून साधने छापू लागले आणि प्रश्नांचा पाया कागदांवर आला. सरदेसायांच्या रियासतीने आणि त्यांनीच संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांनी घटना भक्कम केल्या. मात्र त्यांचा कल शाहू आणि पेशवे यांच्याकडे राहिला. कोल्हापूरहून आप्पासाहेब पवारांनी ताराबाईकालीन कागदपत्रे छापली आणि ब्रिज किशोर यांनी १९६३ मध्ये ताराबाईंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा दुसरी बाजू ऐकू येऊ लागली. आंद्रे विंक यांनी १९८६ मध्ये तर प्रश्नच फिरवला. फितवा हा राज्याचा रोग नसून त्या काळी राज्य वाढवण्याची तीच रीत होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी सरदार घराण्यांच्या आणि महसुलाच्या अंगाने तोच काळ पाहिला.

विंक यांचे म्हणणे या संग्रहाला अर्धेच पटते. फितव्याने राज्य वाढते, हे बाळाजी-कान्होजी भेटीवरून दिसते. पण त्याची किंमत कोण देतो, हे त्या मांडणीत हरवते. निजामाने १७२७ मध्ये चौथाई अडवताना सबब हीच सांगितली, की खरा छत्रपती कोण हे आधी ठरवा. कोल्हापूरकर संभाजी त्याला जाऊन मिळाले आणि पालखेडला पेशवे बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडेपर्यंत तो पेच सुटला नाही. किनाऱ्यावरची किंमत तर याहून मोठी. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांचे मुलगे संभाजी आणि मानाजी एकमेकांविरुद्ध उभे ठाकले, आणि १७३५ मध्ये बाजीरावांनी त्यांची वाटणी करून दिली: कुलाबा एकाकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग दुसऱ्याकडे. पुढे तुळाजी आंग्रे पेशव्यांशी तुटले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग इंग्रजी तोफांपुढे पडला. मराठ्यांचे सर्वांत मोठे आरमार विजयदुर्गाच्या खाडीत जळाले, तेही पेशव्यांनीच इंग्रजांना बोलावल्यामुळे. रत्नागिरीही तुळाजींच्या हातून गेली. वारणेच्या तहाने यादवी संपली, असे म्हणणाऱ्यांनी विजयदुर्गाची ती राख हिशेबात धरलेली नाही.

रत्नागिरीच्या किल्ल्याला या कथेत आणखी एक जागा आहे आणि संग्रहातला सर्वांत वाचनीय भाग तोच. यादवीत ‘खरा कोण’ हा प्रश्न हत्यार बनतो. ताराबाईंनी १७०७ मध्ये शाहूंना तोतया म्हटले. १७५० मध्ये त्यांनीच आधी नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजाला खोटा ठरवून साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. आणि १७७६ मध्ये, नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादा आणि बारभाई यांचा झगडा पेटलेला असताना, रत्नागिरीच्या किल्ल्यातून एक कैदी बाहेर पडला. तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण होता आणि पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगत होता. अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे त्याला सामील झाले. पाहता पाहता हजारो माणसे जमली, कोकणातली ठाणी त्याच्या हाती आली आणि तो बोरघाटापर्यंत पोचला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे पळताना तो रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला मारले गेले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही कथा घरोघरी गेली, पण तिचे राजकारण मागेच राहिले. भाऊ मेले यावर त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंचा विश्वास नव्हता आणि पुण्यातला कारभार कोणाचा, हे कोकणातल्या माणसाला सांगता येत नव्हते. अशा वेळी खोट्या भाऊंवर विश्वास ठेवणारे सगळे भोळे नव्हते. त्यांतल्या कित्येकांना बारभाईंच्या कारभाराविरुद्ध उभे राहायला एक नाव हवे होते.

आज हे का वाचायचे? सुदानमध्ये एप्रिल २०१९ मध्ये लोकांच्या उठावाने ओमर अल बशीर यांची राजवट गेली. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस एकमेकांवर तुटून पडले. ही दुसरी फौज जुन्या राजवटीनेच दारफूरमधल्या टोळ्यांतून उभी केली होती. लिबियात २०११ मध्ये गद्दाफी पडला तेव्हा ज्या शहरी पथकांनी तो पाडला, त्यांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत आणि २०१४ मध्ये देश पुन्हा दुभंगला. रत्नागिरीत तीस वर्षे कैद भोगून १९१६ मध्ये मेलेल्या थिबा राजाच्या ब्रह्मदेशाने ४ जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्य मिळवले आणि तीन महिन्यांत तिथे बंड सुरू झाले. तो देश आजही लढतो आहे. बातम्यांत या सगळ्याला जमातींचे वैर म्हणून मोकळे होतात, जसे आपण आपल्या यादवीला दुहीचा शाप म्हणून मोकळे झालो. लढणाऱ्यांना पगार कोण देत होते, जिंकल्यावर त्यांना काय देऊ केले होते आणि शेजारच्या सत्तेला त्यांच्यात दोन राजे का हवे होते, हे तीन प्रश्न सातारा-पन्हाळ्याच्या झगड्याला लागू पडतात, तसे खार्टूमलाही पडतात.

संग्रहाची मर्यादा त्याच्या लेखकांनी स्वतः आखून घेतली आहे. नागपूरकर भोसले, गुजरातेतले दाभाडे-गायकवाड आणि तंजावर यांना इथे ओझरताच स्पर्श होतो. सावंतवाडीचे खेम सावंत आधी ताराबाईंकडे आणि मग शाहूंकडे गेले, त्यांच्यावर मात्र पुरेसे लिहिले आहे, कारण मोठ्या भांडणात लहान सत्ता आपले बस्तान कसे बसवते, ते त्यांच्याइतके स्पष्ट कोणी दाखवत नाही. तारखा इंग्रजी कालगणनेप्रमाणे दिल्या आहेत. मूळ कागदांतल्या शकाच्या तिथींशी पडताळताना एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो.

उणीव एक आहे, ती उघडपणे नोंदवायला हवी. इथली कथा अजून सरदारांच्या आणि वकिलांच्या कागदांतून आली आहे. १७०७ ते १७३१ या काळात संगमेश्वर, राजापूर किंवा सातवलीच्या रयतेने सारा कोणाला भरला, एकाच हंगामात दोन अंमलदार आले तेव्हा गावाने काय केले, गलबतावरच्या भंडारी, कोळी आणि दालदी माणसांना पगार कोणत्या पक्षाने दिला, हे या पत्रव्यवहारात फार थोडे सापडते. ते सापडेल गावच्या आणि घरच्या कागदांत. रत्नागिरी जिल्ह्यात खोतीचे, देवस्थानांचे, वतनांचे मोडी रुमाल माळ्यावरच्या पेट्यांत अजून आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतले काही वाळवी खाते. ज्यांच्या घरी असे रुमाल असतील त्यांनी ते टाकून न देता मोडी जाणणाऱ्याकडून निदान तारखा आणि नावे तरी वाचून घ्यावीत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयाला त्यांची प्रत द्यावी. या संग्रहाची पुढची आवृत्ती निघाली तर तिची सुरुवात त्या कागदांपासून करायची, असे लेखकांनी ठरवले आहे.